डाव्या बाजूची चकाकी

६ जानेवारी २०२५, सोमवार

नोकरीत चौतीस वर्षं मोजणीची वही लिहिली. कुणाचा बांध कुठं, कुणी दगड सरकवला, कोण पंचनाम्यावर सही करायला नाही म्हणाला, सगळं त्यात. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, वही लिहिली नव्हती. आज पुन्हा उघडली, कारण कामच तसं हातात घेतलंय. गाडी विकायची. आणि विकण्याआधी घरच्या घरी धुऊन, पॉलिश करून, वॅक्स लावून नव्यासारखी करायची.

गाडी तेरा वर्षांची. घेतली तेव्हा लाल होती, आता भाजक्या विटेचा रंग झालाय. छतावर उन्हानं पांढरट पट्टा आलाय. अशा अवस्थेत ती कुणाला दाखवायची मला लाज वाटते.

विकायचं कारण पद्माला सांगितलं ते असं: वापर कमी झाला, बावड्यात आता गल्लीगल्लीत गाड्या, लावायला जागा नाही, रिक्षा दारात मिळते. पद्मा मेथी निवडत होती. "बरं," एवढंच म्हणाली. छत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही निर्णयाला तिनं इतक्या लवकर होकार दिलेला आठवत नाही. पटलं असावं.

खरं कारण इथं लिहितो, कारण वहीत खोटं लिहायची मला सवय नाही. नऊ डिसेंबरला डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, पण डावीकडचं, कडेचं दिसणं गेलंय म्हणे. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंब घालून राखायचं. गाडी चालवायची नाही. मला स्वतःला काहीही कमी दिसत नाही. अर्ध्या किलोमीटरवर रोवलेला बांबू सरळ आहे की नाही ते मी नुसत्या डोळ्यानं सांगायचो. पण डॉक्टर तरुण आहे, मशीन नवं आहे, म्हणून ऐकतोय. पद्माला सांगितलेलं नाही. घाबरेल. थेंब ‘डोळे कोरडे पडतात’ या नावाखाली चालू आहेत. डॉक्टरांचा कागद विम्याच्या फायलीत ठेवलाय. त्या फायलीकडं ती ढुंकूनही बघत नाही.

८ जानेवारी, बुधवार

सकाळी बादलीत भांड्यांचा साबण कालवला आणि फडकं बुडवणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून ख्वाजा ओरडला.

"अप्पा! ठेवा ती बादली खाली!"

ख्वाजा मुजावर आमचा शेजारी. चाळीस वर्षं उद्यमनगरात गाड्या रंगवल्या. आता गुडघे गेले म्हणून घरी असतो, पण गल्लीत कुणाच्या गाडीवर ओरखडा उठला तर ह्याच्या अंगावर काटा येतो. फाटकातून आत येईपर्यंत त्याचं बोलणं चालूच होतं.

"त्यानं भांडी घासत्यात. गाडी हाय ती, कढई न्हवं. रंगाचं सगळं तेज उतरून जातंय की वो."

"मग काय लावू?"

"गाडीचा शांपू मिळतोय. दोन बादल्या घ्या. एकीत शांपू, एकीत नुस्तं पाणी. फडकं मळलं की आधी साध्या पाण्यात पिळायचं, मग शांपूत बुडवायचं. न्हायतर तीच माती परत गाडीवर घासताय तुम्ही. आन् उन्हात न्हाई. पत्रा गार पायजे."

मी सगळं टिपून घेतलं. मग गाडीचा नकाशा काढला आणि तिचे अकरा गट पाडले. गट नंबर एक बॉनेट, दोन आणि तीन पुढचे दोन मडगार्ड, चार-पाच डावी दारं, सहा-सात उजवी, असे. रोज एक गट. ख्वाजानं नकाशा उलटासुलटा करून बघितला. "सातबारा कधी देताय?" म्हणाला.

तेवढ्यात ख्वाजाची मुलगी मेहक तिची गाडी काढत होती. ती बायकांना गाडी शिकवायचा क्लास चालवते. गाडीच्या टपावर पिवळी पाटी. पद्मा चहा घेऊन बाहेर आली, दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि दोघी हसल्या. बायकांचं काहीतरी.

११ जानेवारी, शनिवार

गाडी धुतली. मग क्ले. म्हणजे मळलेल्या कणकेसारखा निळा गोळा असतो, तो ओल्या पत्र्यावरून फिरवायचा. धुतलेली गाडी मला स्वच्छ वाटत होती, पण गोळा काळा झाला. तेरा वर्षांचा रस्ता त्या गोळ्यात आला. पत्र्यावरून हात फिरवला तर काचेसारखा.

पुसायला पद्माची जुनी साडी काढली होती. ख्वाजानं ती माझ्या हातातून ओढून घेतली. काठाच्या जरीनं रंग चिरतो म्हणे. मायक्रोफायबरचीच कापडं हवीत. पद्मा दारातून म्हणाली, "बरं झालं, वाचली माझी साडी." जुनी कसली, ती तिची आवडती निघाली.

१२ जानेवारी, रविवार

आजचं लिहावं की नको, असा विचार तासभर केला. लिहितो.

वॅक्स संपलं होतं आमच्या इथल्या दुकानात. ख्वाजानं उद्यमनगरातलं दुकान सांगितलं. रिक्षानंच जाणार होतो. मग म्हटलं, रविवार आहे, गर्दी नाही, विकायच्या आधी शेवटची एक फेरी. गाडी काढली.

दुकानाच्या अलीकडं डावीकडं वळलो. रस्ता मोकळा होता. खरंच मोकळा होता, मी बघितलं होतं. आणि एकदम पत्र्याला काहीतरी घासल्याचा आवाज आला. ब्रेक मारला. खाली उतरून बघतो तर सायकल आडवी पडलेली आणि चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी फुटपाथवर चढून उभी. तिनं वेळेवर उडी मारली होती म्हणून. ती मलाच म्हणाली, "आजोबा, काय न्हाई झालं. मला लागलं न्हाई. तुम्ही बसा जरा."

ती कुठून आली ते मला अजूनही माहीत नाही. ती आधीपासून तिथंच होती, हे मात्र माहीत आहे.

किल्ली परत लावायला हात वळेना. ख्वाजाला फोन केला. तो रिक्षानं आला आणि गाडी घरी घेऊन आला. वाटेत मी म्हटलं, "चक्कर आल्यासारखं झालं." तो म्हणाला, "व्हय, उन्हाचं होतंय तसं." जानेवारीत. बाकी काही विचारलं नाही. दोस्त आहे.

पद्माला ‘रस्त्यात गर्दी होती’ एवढंच सांगितलं. आता गाडी चालवायची नाही. डॉक्टरनं सांगितलं म्हणून नव्हे. मी सांगतोय म्हणून.

१५ जानेवारी, बुधवार

दोन दिवस गाडीकडं बघितलं नाही. काल संक्रांत झाली. आज ख्वाजानंच हाक मारली, "चला, बॉनेट वाट बघतंय."

आधी कंपाऊंड लावायचं, म्हणजे रंग घासायची पेस्ट. एका वेळी वहीच्या पानाएवढीच जागा, हलक्या हातानं. थोड्या वेळात कापड लाल झालं. मी घाबरून थांबलो.

"रंग निघतोय ख्वाजा!"

"मेलेला रंग हाय त्यो. जिता रंग खाली हाय. घाबरू नका."

मग वॅक्स. अगदी पातळ थर. ते सुकून पांढुरकं झालं की कोरड्या कापडानं पुसायचं. दोन तास लागले. शेवटचा हात फिरवला आणि बॉनेटमध्ये शेजारचा नारळ दिसला. आकाश दिसलं. टोपी घातलेला एक म्हातारा दिसला, तो मी होतो. चौतीस वर्षांत अनेकांच्या जमिनी मोजल्या, पण केलेल्या कामानं असं चमकून परत माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं.

पद्माला हाक मारली. ती वाकली आणि बॉनेटमध्ये बघून टिकली सारखी केली. "आरशापेक्षा बरी दिसते मी ह्यात. सुरकुत्या दिसत नाहीत."

"वॅक्सचा गुण आहे तो," मी म्हणालो.

ती आत निघून गेली. मी काय चुकीचं बोललो ते अजून कळलेलं नाही.

२० जानेवारी, सोमवार

काल डावी दारं केली, गट चार आणि पाच. संध्याकाळी ख्वाजा आला आणि डोळे बारीक करून म्हणाला, "अप्पा, डावीकडं ढग राहिल्यात की."

"कसले ढग?"

"वॅक्स पुसायचं राहिलंय. दोन्ही दारांच्या डाव्या अंगाला अख्खा पांढरा पट्टा हाय."

उजेड गेला होता, म्हणून सकाळी बघू म्हटलं. आज सकाळी सात वाजता चष्मा पुसून बघितलं. एकही पट्टा नाही. दारं आरशासारखी. ख्वाजाचं वय झालं. चाळीस वर्षं रंगाच्या वाफेत डोळे गेले असणार बिचाऱ्याचे. त्याला बोललो नाही, वाईट वाटेल. मात्र एकदा डॉक्टरला दाखव म्हणून सुचवलं. तो माझ्याकडं बघतच राहिला.

पिवळं कापड दोरीवर ओलं लटकत होतं. मी काल निळं वापरलं होतं. पद्मानं धुतलं असेल, तिला दोरी रिकामी बघवत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

आज आतली सफाई. चालकाची सीट पार पुढं सरकलेली होती आणि आरसा खाली कललेला. झाडताना माझाच धक्का लागला असणार. सीट मागं घेतली.

रोज चार ते सहा मी बंधाऱ्याकडं फिरायला जातो. त्याच वेळी पद्मा भजनाला जाते. हल्ली भजनाला बूट घालून जाते. गुडघ्यासाठी चांगलं असतं.

संध्याकाळी मी चाकं घासत होतो, तर तिनं पायरीवर बसून विचारलं, "अहो, चढावर थांबून परत निघताना गाडी मागं का येते?"

इतका चांगला प्रश्न तिनं आजवर कधी विचारला नव्हता. मी अर्धा तास समजावलं. क्लच अर्धा सोडायचा, गाडी जराशी थरथरली की हँडब्रेक खाली. तिनं दोनदा म्हणून दाखवलं. "थरथरली की खाली. थरथरली की खाली." मी म्हटलं, "तुला कशाला पाहिजे हे?" म्हणाली, "असंच. माहीत असावं."

गाडी जाणार म्हणून तिलाही वाईट वाटतंय. जाता जाता ओळख करून घेतेय.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन, मग जिलेबी. नेहमीप्रमाणे रविवारी मीटर वाचलं. मागच्या रविवारपेक्षा सत्तावीस किलोमीटर जास्त. गाडी दारातून हललेली नाही. म्हणजे मीटर बिघडलंय, उभ्या उभ्या उड्या मारतंय. घेणाऱ्याला आधी सांगावं लागेल. लपवून विकणं आपल्याला जमायचं नाही.

पुण्याहून अवंतिकाचा फोन आला. लेकीनं पहिलाच प्रश्न विचारला, "बाबा, आई किती शिकली?"

"काय शिकली?"

मग म्हणाली, "भजन. नवीन भजन." मी म्हटलं, छान म्हणते हल्ली, घरी मात्र गात नाही. अवंतिकाला ठसका लागला. पुण्याची हवा.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज वाईट दिवस. अकराही गट पूर्ण झाले, म्हणून सगळ्या गाडीवर वॅक्सचा शेवटचा हात दिला आणि सुकत ठेवला. तासाभरात मागच्या शेतात कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं. वारा इकडचा. काळी काजळी हवेतून तरंगत आली आणि सगळ्या ओल्या वॅक्सवर बसली. पद्मा धावत आली आणि पदरानंच पुसायला लागली. मी ओरडलो.

"हात लावू नकोस! तुला काय कळतंय गाडीतलं?"

तिनं हात मागं घेतला. मोठ्यानं बोलली नाही. तिच्या हळू बोलण्याची मला जास्त भीती वाटते.

"कसं कळणार? गाडी घेतली त्या वर्षी मला शिकवणार होता. तीनच दिवस शिकवलंत. तिसऱ्या दिवशी मैदानावर चार लोकांसमोर ओरडलात, तुझ्याच्यानं होणार नाही म्हणून. मी उतरून घरापर्यंत चालत आले होते. आठवतंय?"

आठवत नव्हतं. आता आठवतंय. ती चालत येताना मी तिच्या बाजूनं हळूहळू गाडी चालवत होतो आणि ‘बस, बस’ म्हणत होतो. ती बसली नाही. त्यानंतर तेरा वर्षं माझ्या डावीकडच्या सीटवर बसली आणि पुन्हा कधी शिकव म्हणाली नाही. मला वाटायचं, तिला हौस नाही.

काजळी ओल्या फडक्यानं अलगद टिपून काढली. पूर्ण दुपार गेली. सॉरी म्हणायला स्वयंपाकघरात दोनदा गेलो आणि दोनदा पाणी पिऊन आलो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मलकापूरच्या आण्णांचा फोन आला. किराणा दुकानदार. ओळखीतून त्यांना कळलं. आईला दवाखान्यात न्यायला गाडी हवी आहे. रविवारी बघायला येतात. माणूस बरा वाटला. मीटरचं सांगितलं. "मीटरला काय करायचंय, इंजिन बोलतंय का सांगा," म्हणाले.

गाडी अशी चमकतेय की पोरं जाताजाता तोंड वेडंवाकडं करून बघतात. आणि आता ती जाणार.

पद्मा सकाळी नऊला बँकेत केवायसीला म्हणून गेली ती दोनला आली. येताना पेढे घेऊन. मी म्हटलं, "केवायसीचे पेढे?" म्हणाली, "एका दमात झालं म्हणून." बँकेत एका दमात काम होणं म्हणजे पेढे वाटण्यासारखंच. दोन खाल्ले. दोन ख्वाजाकडं पाठवले. भिंतीपलीकडून सगळं घर टाळ्या वाजवत होतं. टीव्हीवर मॅच असावी.

त्या दिवशीच्या ओरडण्याबद्दल शेवटी बोललो. "चुकलं माझं. परवाही आणि तेव्हाही." तिनं पेढ्याचा डबा माझ्यापुढं सरकवला. "घ्या अजून एक," म्हणाली.

९ फेब्रुवारी, रविवार

हे सगळं नीट क्रमानं लिहिलं पाहिजे.

आण्णा अकरा वाजता आले. पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून बघितलं, हात लावायला कचरले. "पावणं, तेरा वर्षांची म्हणला होता. ही तर शोरूमातनं आणल्यागत दिसतीया!" भिंतीपलीकडून ख्वाजा अभिमानानं खाकरला.

मग आण्णा डावीकडचं दार उघडून उभे राहिले. "चला, एक चक्कर मारू. तुम्ही चालवा, मी इंजिनाचा आवाज ऐकतो."

मी म्हटलं, "तुम्हीच चालवा की."

"न्हाई वो. मालकाच्या हातात गाडी कशी चालती त्यावर मी ठरवतो."

किल्ली माझ्या खिशात होती. मी खिशात हात घातला आणि तो तिथंच राहिला. माझ्या डोळ्यापुढं ती फुटपाथवर चढलेली मुलगी आली. आण्णा वाट बघत होते. मी म्हटलं, "कंबर धरलीय आज." नंतर म्हटलं, "चष्मा घरात राहिलाय." चष्मा डोळ्यावरच होता.

पद्मा पायरी उतरून आली. पायात बूट. हात पुढं केला. "द्या इकडं."

"काय?"

"किल्ली. मी चालवते."

तिनंच माझ्या खिशातून किल्ली काढली. चालकाच्या सीटवर बसली, सीट पुढं ओढली, आरसा खाली केला. तेव्हा सगळं एकदम माझ्या डोक्यात शिरलं. सीट, आरसा, सत्तावीस किलोमीटर, केवायसी. मी मुकाट्यानं मागं बसलो.

गल्लीतून बाहेर, भगव्या चौकातून खाली, बंधाऱ्याच्या रस्त्यानं. हळू चालवत होती, पण गचका नाही. परत येताना चढाला पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, आणि तो नेमका मध्येच थांबला. पद्माला थांबावं लागलं. मागं एक टेम्पो येऊन चिकटला आणि हॉर्न वाजवायला लागला. माझे दोन्ही हात पुढच्या सीटला आवळले गेले. तोंडापर्यंत शब्द आले होते, गिळले. ट्रॅक्टर हलला. पद्मा ओठातल्या ओठात म्हणाली, "थरथरली की खाली." गाडी एक इंचही मागं गेली नाही. सरळ चढून वर आली.

आण्णा म्हणाले, "वैनी, झ्याक चालवताय की! मग गाडी इकताय कशाला?"

"त्यांना विचारा," पद्मा म्हणाली. तिनं आरशातून माझ्याकडं बघितलं. तिला ठाऊक होतं. मी काय लपवतोय हे तिला ठाऊक आहे, ते मला त्या क्षणी कळलं.

मी म्हणालो, "मला डावीकडचं दिसत नाही. काचबिंदू आहे. डिसेंबरपासून."

पहिल्यांदा मोठ्यानं बोललो. तेही मलकापूरच्या एका अनोळखी माणसापुढं. बोलल्यावर वाटलं तेवढं अवघड नव्हतं.

आण्णांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मग तर ही गाडी मला नगोच. तुमचंच घर चालवणार हाय ती." चहा घेतला, दोन भाकरी जेवले, ख्वाजाचा फोन नंबर घेतला. दुसरी गाडी बघितली की त्यालाच घेऊन जाणार म्हणाले. जाताना पद्माला वाकून नमस्कार करून गेले.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज दिवसभर आम्ही दोघं बोललो. एवढं सलग बोललो त्याला किती वर्षं झाली, मोजता येणार नाही.

कागद तिला अकरा डिसेंबरलाच सापडला होता, म्हणजे मी ठेवल्यापासून दोन दिवसांत. विम्याची पावती काढायला फाईल उघडली. ती फाईल गेली वीस वर्षं तीच सांभाळते हे मला माहीत नव्हतं.

"पहिले चार दिवस रडले," म्हणाली. "तुम्ही फिरायला गेलात की रडायचं. मग म्हटलं, रडून गाडी चालत नाही. मेहककडं गेले. चार तारखेला बँकेत नव्हते, लायसन्सची परीक्षा होती."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कुठं सांगितलंत? मी घाबरेन म्हणून लपवलंत ना? घाबरलेच की मी. एकटी घाबरले."

तिचं हे बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवतोय.

मग तिनं बाकीचं सांगितलं. उद्यमनगरात मुलीची सायकल पडली ते ख्वाजानं त्याच दिवशी तिला सांगितलं होतं. त्या मुलीच्या घरी दोघं जाऊनही आले, सायकलची रिम वाकली होती ती नीट करून दिली. दोस्त आहे म्हणून गप्प बसला असं मला वाटलं होतं. दोस्त होता म्हणूनच गप्प बसला नाही.

आणि ढग. रोज सकाळी सहाला, मी उठायच्या आत, ती पिवळं कापड घेऊन बाहेर जायची आणि मी सोडलेले पट्टे पुसायची. प्रत्येक गटाची डावी कड. अकराच्या अकरा. "तुम्ही एवढ्या प्रेमानं करत होता," म्हणाली. "अर्धवट दिसलं असतं तर तुमचं मन मोडलं असतं."

मी उठून बाहेर गेलो. डाव्या दारापुढं उभं राहून मान पूर्ण फिरवली आणि इंच इंच बघितलं. माझा हात कुठं संपला आणि तिचा कुठं सुरू झाला, ते कुठल्याही मोजणीत सापडणार नाही.

मग फाटकातून ख्वाजाकडं गेलो आणि त्याच्या डोळ्यांबद्दल जे बोललो होतो त्याची माफी मागितली. त्याच्या बायकोनं, सुलतानबीनं, शिरा दिला. ख्वाजा म्हणाला, "मी खरंच गेलतो की डाक्टरकडं, तुमच्या नादानं. माझे दोन्ही डोळे ठणठणीत हाईत. पैसे घालवलात माझे."

१६ फेब्रुवारी, रविवार

नृसिंहवाडीला जाऊन आलो. पद्मानं चालवली, दोन्ही वेळा. निघताना सुलतानबी, मेहक, ख्वाजा सगळे फाटकात उभे. मेहक पद्माला सारखी सांगत होती, "काकू, घाई न्हाई, तुम्हाला घाई न्हाई." आणि ख्वाजा मला बजावत होता, "अप्पा, तुम्ही बोलायचं न्हाई. पाहिजे तर झोपा."

झोपलो नाही. हातकणंगल्यापुढं रस्ता मोकळा झाला तसं मी मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागलो. तेरा वर्षं या रस्त्यानं गाडी चालवली, पण समोरचा ट्रक आणि मैलाचे दगड याशिवाय काही बघितलेलं नव्हतं. एका विहिरीवर बायका सतरंजी धूत होत्या. हळदीचं वावर होतं. एका घरावर लाकडी विमान बसवलेलं होतं, खरोखर, पंखांसकट. पद्माला सांगितलं तर म्हणाली, "ते तर पहिल्यापासून आहे. मी दरवेळी बघते." मान वळवली की मला दिसतं. एवढंच. नुसती वळवायला लागते. डॉक्टरही हेच सांगत होता, मी ऐकलं नव्हतं. पुढच्या वेळी त्याच्याकडं दोघं जाणार आहोत.

दर्शन झालं. घाटावर बसून बासुंदी खाल्ली. परत आलो तर आमच्या गाडीमुळं दुसरी एक गाडी अडकली होती. एक तरणा माणूस सरळ माझ्याकडं आला.

"पावणं, तुमची लाल गाडी न्हवं? जरा मागं घ्या की. आन् काय चकाकी हाय वो, कुठं करून घेतली?"

"घरीच केली. आम्ही दोघांनी," मी म्हटलं. "आणि गाडी मागं घ्यायची असली तर ड्रायव्हर त्या बाजूला आहेत. त्यांना सांगा."

तो पद्माकडं बघत राहिला. पद्मानं पदर खोचला, मान वळवून मागं बघितलं आणि दोन गाड्यांच्या मधून एका दमात गाडी मागं घेतली. मी बाजूला उभा होतो. मी फक्त एकदाच ‘हळू’ म्हणालो.

पद्मा म्हणते चारदा.